विषयांतर

गेली वीस वर्षे उत्तरपत्रिका तपासताना समासात मी जे शब्द लिहीत आले, त्यांत 'विषयांतर' ह्या शब्दाचा क्रमांक बराच वर लागेल. 'शुद्धलेखनाकडे लक्ष द्यावे' हे पहिले, 'मुद्देसूद लिहावे' हे दुसरे आणि त्यानंतर बहुधा हेच. लाल शाईत, किंचित तिरके, खाली एक रेघ. एखाद्या उत्तराचे गुण का कापले, ह्याचे समर्थन म्हणून हा शब्द फार सोयीचा आहे. विचारलेले सोडून विद्यार्थ्याने दुसरेच काही लिहिले, एवढेच तो सांगतो. ते दुसरे काय होते, हे सांगण्याची जबाबदारी तो तपासणाऱ्यावर टाकत नाही.

हा लेख त्या शब्दाविषयी आहे. पण त्याच्याकडे येण्याआधी मला एका संगणकीय खटाटोपाची हकिकत सांगावी लागणार आहे. मराठीच्या अध्यापकाने असल्या भानगडीत पडण्याचे कारण काय, असे वाचकांना वाटण्याचा संभव आहे. ते कारण ओघाने येईलच.

१.

मी शिकवते ते कनिष्ठ महाविद्यालय मराठवाड्यातील एका तालुक्याच्या गावी आहे. आजूबाजूच्या तीस-चाळीस खेड्यांतून मुले-मुली एस.टी.ने येतात. ह्यांतील बऱ्याच घरांतील आईबाप दसरा-दिवाळीनंतर ऊसतोडीला पश्चिम महाराष्ट्रात किंवा कर्नाटकात जातात आणि उन्हाळा लागल्यावर परततात. वाढत्या वयाची मुलगी घरी आजीजवळ ठेवायची, की सोबत फडावर न्यायची, की 'उरकून टाकायचे', असा प्रश्न दर वर्षी दिवाळीच्या सुमारास ह्या घरांत उभा राहतो. नवराबायकोची जोडी म्हणजे एक 'कोयता', आणि मुकादमाची उचल मिळते ती कोयत्यावर. म्हणून नवऱ्यामुलाकडच्यांनाही घाई असते. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत (२०१९-२१) महाराष्ट्रातील वीस ते चोवीस वयोगटातील स्त्रियांपैकी २१.९ टक्के स्त्रियांचे लग्न अठराव्या वर्षाआधी झालेले आढळले होते. आमच्या वर्गात ही टक्केवारी दिवाळीच्या सुट्टीनंतरच्या पहिल्या हजेरीत दिसते. क्रमांक पुकारला जातो, उत्तर येत नाही, आणि कुणीतरी मागच्या बाकावरून हसते.

जून २०२४ मध्ये अकरावीच्या प्रवेशाच्या वेळी माझ्यासमोर एक बाई मुलीला घेऊन उभी राहिली. तिशी ओलांडलेली, डोक्यावर पदर, हातात प्लास्टिकच्या पिशवीत कागदपत्रे.

"वळखलं का, मॅडम?"

मी ओळखले नव्हते. तिने आपले माहेरचे आडनाव सांगितले, वर्ष सांगितले. २००७. मी तेव्हा तासिका तत्त्वावर नुकतीच लागले होते. ती अकरावीत होती आणि दिवाळीनंतर परत आली नव्हती.

"तुम्ही पत्र लिवायला दिलं होतं पेपरात. मैत्रिणीला सुट्टीत गावी बोलवा म्हणून. मी लिवलं होतं, दिवाळीच्या आधी ये, तुळशीच्या लग्नानंतर मी ह्या घरी नसंल. तुम्ही त्याच्याजवळ 'विषयांतर' लिवलं होतं."

तिच्या आवाजात तक्रार नव्हती. जुनी ओळख पटविण्यासाठी माणसे जशी एखादी खूण सांगतात, तसे तिने हे सांगितले. पुढे म्हणाली, "मला वाटलं होतं, तुम्ही वाचाल."

मी वाचले होते. आठपैकी सहा गुणही दिले होते. मायना, समारोप, पत्त्याची जागा बरोबर होती. मुलीच्या प्रवेशअर्जावर मी सही केली, शुल्काची खिडकी दाखविली आणि पुढच्या अर्जाकडे वळले. त्या रात्री मात्र झोप लागली नाही.

२.

मला अधिक अस्वस्थ करणारी गोष्ट वेगळीच होती. त्या वर्षी ही बातमी कुणालाच नव्हती, असे नाही. आठवू लागले तेव्हा एकेक तपशील वर आला. ग्रंथपालांनी स्टाफरूममध्ये सांगितले होते की, अमुक मुलीने सगळी पुस्तके मुदतीच्या आधीच परत केली, अशी शिस्त सगळ्यांना हवी. कार्यालयातील लेखनिकाकडे तिचे चुलते येऊन टी.सी. कधी मिळेल, ते विचारून गेले होते. क्रीडाशिक्षकांना तिने कबड्डीच्या संघातून नाव काढायला सांगितले होते. आणि माझ्याजवळ तर तिच्या हस्ताक्षरातील मजकूरच होता. चौघांजवळ चार तुकडे होते. ते एका टेबलावर कधी आले नाहीत. पुढे तिची जागा रिकामी झाली, तेव्हा कुणीतरी म्हणाले, "तिचं लग्न झालं म्हणे," आणि आम्ही चहा घेतला.

हे 'म्हणे' मराठीचे एक विलक्षण अव्यय आहे. विधान तर करायचे, पण त्याची हमी द्यायची नाही. माहिती तर पुढे सरकवायची, पण ती आपल्या हाताला चिकटू द्यायची नाही. 'लग्न ठरले आहे' हे ज्याला ठाऊक आहे त्याला काहीतरी करावे लागते. 'लग्न ठरले आहे म्हणे' एवढेच ज्याला ठाऊक आहे, त्याला काही करावे लागत नाही.

गमतीची गोष्ट अशी की, त्याच सत्रात मी पदवीच्या वर्गाला मराठी कादंबरीचा इतिहास शिकवीत होते. हरिभाऊ आपट्यांनी १८९० मध्ये 'करमणूक' काढले आणि त्यात यमूची कहाणी क्रमशः दिली, हे मी फळ्यावर लिहिले होते. कादंबरीचे शीर्षकच एक प्रश्न आहे: 'पण लक्षात कोण घेतो'. त्या प्रश्नातील उपरोध, आत्मकथनात्मक निवेदन, वास्तववाद ह्यांवर मी टिपणे दिली. देवलांचे 'शारदा' नाटक १८९९ चे आणि बालविवाहाला आळा घालणारा सारडा कायदा १९२९ चा. नाटकातील शारदेवरून कायद्याला नाव पडले, असा जो समज आपल्याकडे आढळतो तो चुकीचा असून हे नाव हरबिलास सारडा ह्यांच्या आडनावावरून आले, असेही सांगितले. त्या कायद्यात मुलीचे वय चौदा होते, १९७८ मध्ये ते अठरा झाले, हेही. आणि ज्या आठवड्यात हे सांगितले, त्याच आठवड्यात घरी बसून अकरावीचे गठ्ठे तपासले.

३.

ऑगस्ट २०२४ मध्ये बदलापूरच्या शाळेतील घटना उघडकीस आली आणि शासनाचे आदेश आले. सीसीटीव्ही, तक्रारपेटी, कर्मचाऱ्यांची चारित्र्यपडताळणी, आणि अनुचित प्रकार घडल्यास चोवीस तासांच्या आत शिक्षणाधिकाऱ्यांना कळविणे. २०२२ च्या शासननिर्णयानुसार नेमायची 'सखी सावित्री समिती' आमच्याकडे होती. म्हणजे एका फाइलीत तिच्या सदस्यांची नावे होती. तिची पहिली खरी बैठक सप्टेंबरात झाली. चोवीस तासांच्या अटीवर प्राचार्यांनी विचारले, "घटना घडली हे आपल्यालाच चोवीस तासांत कळेल, ह्याची काय व्यवस्था?" कुणी काही बोलले नाही. मी म्हणाले, "मी करते."

वास्तविक मला मोबाइलवर मराठी टंकलेखनापलीकडे काही येत नव्हते. संगणकाचे सर माझ्याहून पंधरा वर्षांनी लहान. त्यांनी दोन संध्याकाळी बसून जे उभे केले, ते अगदी साधे आहे आणि त्याला एक पैसाही लागला नाही. गूगलचा एक अर्ज. तो कोणताही कर्मचारी, शिपाईसुद्धा, आपल्या फोनवरून भरू शकतो. अर्ज भरला की त्याची एक ओळ तक्त्यात जाते आणि त्याच क्षणी ठरलेल्या माणसांना मेल जाते. दुसरा तक्ता हजेरीचा. वर्गशिक्षकांनी दुपारपर्यंत हजेरी भरायची. रोज चार वाजता तो तक्ता आपोआप तपासला जातो आणि अठरा वर्षांखालील एखादे मूल सलग तीन दिवस गैरहजर असेल तर मेल जाते. एवढेच.

यंत्राचे काम दोन संध्याकाळींत संपले. भाषेचे काम तीन महिने चालले.

पहिली सूचना आली ती अशी की, हे सगळे व्हॉट्सअ‍ॅपच्या गटावरच टाकावे, सर्वांना चटकन कळते. गटावर बेचाळीस जण आहेत. त्यांतील निम्म्यांची ह्याच खेड्यांतून सोयरीक आहे. मुलीचे नाव गटावर पडले की अर्ध्या तासात ते गावात पोहोचेल आणि उद्याचे लग्न आज रात्री होईल. 'पोक्सो' कायदा (२०१२) पीडित मुलाची ओळख उघड करण्यास मनाई करतो, ही बाब तर आहेच. शेवटी असे ठरले की, जाणाऱ्या संदेशात नावच नसावे. फोन टेबलावर उताणा पडलेला असतो, शेजारचा वाचतो. म्हणून संदेश एवढाच: 'नोंद क्र. १७ आली आहे. आज उघडून पाहावी.' नाव तक्त्यात, आणि तक्ता चौघांपुरता. नोंद एखाद्या कर्मचाऱ्याविषयीच असेल तर काय, हा प्रश्न विचारायला कुणी धजेना. तो शेवटी आमच्या ग्रंथपाल बाईंनी विचारला. आता अर्जात तसा एक वेगळा पर्याय आहे. तो निवडला की मेल फक्त प्राचार्यांना आणि मला येते. प्राचार्यांविषयी असेल तर त्यांना वगळून संस्थेच्या अध्यक्षांना जाते. अर्जाच्या माथ्यावर ठळक अक्षरांत १०९८ हा बालकांच्या मदतवाहिनीचा क्रमांक आहे आणि खाली एक वाक्य: 'ही नोंद केल्याने पोलिसांना कळविण्याचे आपले कायदेशीर कर्तव्य संपत नाही.' बालकावरील लैंगिक गुन्ह्याची माहिती असून, किंवा तसा गुन्हा घडण्याची धास्ती वाटत असूनही न कळविणे हा त्या कायद्यान्वये स्वतंत्र गुन्हा आहे. संस्थाप्रमुखाला त्याबद्दल एक वर्षापर्यंत कैद होऊ शकते. सद्भावनेने माहिती देणाऱ्याला मात्र संरक्षण आहे. स्टाफमधील बहुतेकांना ह्यातले पहिले माहीत नव्हते आणि दुसऱ्यावर विश्वास नव्हता.

४.

मग अर्जाचे नाव. 'तक्रार' नको, कारण तक्रारीला तक्रारदार लागतो आणि तो कुणालाच व्हायचे नसते. 'संशय' नको, त्यात आपण आधीच पोलीस होतो. संगणकाच्या सरांनी इंग्लंडमधील शाळांचे नमुने दाखविले. तिकडे प्रत्येक शाळेत ह्या कामासाठी एक नेमलेली व्यक्ती असते आणि बारीकसारीक खटकलेली गोष्टही तिच्याकडे नोंदवतात. ही शिस्त तिकडेही सहजासहजी आलेली नाही. फेब्रुवारी २००० मध्ये लंडनमध्ये व्हिक्टोरिया क्लिंबिये ही आठ वर्षांची मुलगी घरातल्यांच्या छळाने मरण पावली. लॉर्ड लॅमिंग ह्यांच्या चौकशीचा अहवाल २००३ मध्ये आला. तिला वाचविण्याच्या किमान बारा संधी वेगवेगळ्या यंत्रणांनी गमावल्या, असे त्यातून दिसले. रुग्णालयाने पाहिले होते, पोलिसांनी पाहिले होते, समाजसेवा विभागाने पाहिले होते. तुकडे तिथेही होते, टेबल नव्हते.

त्यांच्या 'सेफगार्डिंग'ला आमच्याकडे काय म्हणावे? सरकारी शब्द 'बालसंरक्षण' आहे. तो कार्यालयाच्या पाटीवर शोभतो. मला आधी 'राखण' हा शब्द फार आवडला. ज्वारी हुरड्यात आली की माळ्यावर उभे राहून गोफण फिरविणारी राखण आमच्या मुलांना ठाऊक आहे. पण बैठकीत भूगोलाच्या मॅडम म्हणाल्या, "राखण मालाची करतात. पोरीची राखण करायची म्हणूनच तर तिला लवकर देऊन टाकतात." त्यांचे म्हणणे खरे होते. रूपकाच्या मोहात मी त्याची दुसरी बाजू पाहिलीच नव्हती. पीक राखायचे ते कापणीपर्यंतच.

शेवटी 'काळजी' हा शब्द ठरला. 'काळजीची नोंद'. मराठीत काळजी वाटते आणि काळजी घेतात. एकाच शब्दात भावनाही आहे आणि कृतीही, आणि दोहोंच्या तळाशी काळीज ऐकू येते. ह्या निवडीवर मी खूश होते. ती खुशी पुढे फार दिवस टिकली नाही.

अर्जात तीन रकाने केले: काय पाहिले, काय ऐकले, काय वाटले. हे वेगळे ठेवण्यावर मी हटून बसले. आम्ही साहित्याची माणसे आयुष्यभर विद्यार्थ्यांना अर्थ लावायला शिकवितो. इथे आधी अर्थ न लावायला शिकायचे होते. 'मुलगी खिन्न दिसते' हे वाटणे झाले. 'आठ दिवस डबा आणला नाही' हे पाहणे. मूल बोलले असेल तर त्याचेच शब्द, त्याच्याच बोलीत. प्रमाणभाषेत उतरवून नव्हे. सुचविणारे प्रश्न विचारायचे नाहीत. 'कुणालाही सांगणार नाही' असा शब्द द्यायचा नाही, कारण तो पाळता येत नाही. आणि 'म्हणे' चालणार नाही. कोण म्हणाले ते लिहायचे.

सर्वांत मोठा वाद झाला तो मात्र कर्मणी प्रयोगावरून. कार्यालयाने संदेशाचा जो मसुदा केला होता तो असा: 'सदर विद्यार्थिनी सतत गैरहजर असल्याचे निदर्शनास आले असून याबाबत उचित कार्यवाही करण्यात यावी.' कुणाच्या निदर्शनास आले? कार्यवाही कुणी करायची? कधीपर्यंत? ह्या वाक्यात माणूसच नाही. असे वाक्य चौघांना गेले तर चौघेही ते दुसऱ्यासाठी आहे असे समजतील. मी लिहिले: 'सर, उद्या सकाळी अकराच्या आत तुम्ही घरी फोन करा आणि काय कळले ते ह्याच नोंदीत लिहा.' लेखनिकांना ते उद्धट वाटले. प्राचार्यांना आधी हसू आले. मग म्हणाले, "राहू द्या. निदान मला काय करायचंय ते कळतं."

५.

नोव्हेंबरात कापसाची वेचणी सुरू झाली आणि व्यवस्था कोसळली. एका आठवड्यात एकतीस मेल आल्या. निम्मा वर्ग शेतात होता. तिसऱ्या दिवसापासून मीच त्या उघडीनाशी झाले. लांडगा आला रे आला ही गोष्ट आपण खोटे बोलणाऱ्या पोराची म्हणून सांगतो. ऐकून थकलेल्या गावकऱ्यांचीही ती आहे, हे मला ह्या वयात कळले. मग नियम बदलला. तीन दिवसांची सूचना फक्त वर्गशिक्षकाला. त्याने फोन करून कारण लिहायचे. दुसऱ्या दिवशी चारपर्यंत कारण लिहिले गेले नाही, किंवा लिहिलेले त्याचे त्यालाच पटले नाही, तरच ती सूचना आम्हा चौघांकडे. मेल महिन्याला दोन-तीनवर आल्या आणि उघडल्या जाऊ लागल्या.

जानेवारी २०२५ च्या अखेरीस, बारावीच्या प्रात्यक्षिक परीक्षा चालू असताना, एक आली. वर्गशिक्षक तरुण आहेत, नवे आहेत. 'काय पाहिले' ह्या रकान्यात त्यांनी लिहिले होते: 'तीन दिवस गैरहजर. आजच्या प्रात्यक्षिकालाही नाही.' 'काय ऐकले': 'वडील म्हणाले, पाव्हण्याकडं गेलीय. मागून बाईचा आवाज: सांगू नका कुणाला, पत्रिका बी छापल्या न्हाईत.' 'काय वाटले': 'लग्न असावे. मला भीती वाटते.'

त्या सायंकाळी आम्ही १०९८ ला फोन केला. खेड्यात बालविवाह प्रतिबंधक अधिकारी म्हणजे ग्रामसेवक, त्यांनाही कळविले. लेखनिकांनी रजिस्टरातील जन्मतारखेचा उतारा काढून दिला: सतरा वर्षे चार महिने. २००७ मध्ये ह्याच कपाटातील रजिस्टर पाहून टी.सी. लिहिली गेली असेल. त्यातही जन्मतारखेचा रकाना होता. दुसऱ्या दिवशी ग्रामसेवक, पोलीस आणि जिल्हा बाल संरक्षण कक्षाची माणसे गावात गेली. हळद त्याच दिवशी होती. लग्न थांबले. आईवडिलांकडून हमीपत्र घेतले गेले. सोमवारी मुलगी परीक्षेला आली.

इथे हा लेख संपविता आला असता. पण पुढच्या आठवड्यात मुलीचे वडील महाविद्यालयात आले. ते ओरडले नाहीत. प्राचार्यांच्या कक्षात खुर्चीच्या कडेवर बसले आणि माझ्याकडे पाहून म्हणाले, "मॅडम, आम्ही दोघं फडावर. घरी म्हातारी, तिला दिसत न्हाई. काळजी वाटते म्हणूनच लगीन काढलं होतं. एकदा दिलं की काळजी मिटली."

माझ्याच अर्जावरचा शब्द. आम्ही दोघेही तो प्रामाणिकपणे वापरीत होतो. काळजी मिटविणे आणि काळजी घेणे ह्यांत जे अंतर आहे, ते मला कोणत्याही शब्दकोशाने इतके स्पष्ट दाखविले नसते. आणि त्यांच्या प्रश्नाला माझ्याजवळ पूर्ण उत्तर नव्हते. मुलीला हंगाम संपेपर्यंत वसतिगृहात ठेवण्याची खटपट आम्ही केली, ती जमली. पण गावातील पुढच्या वर्षीच्या मुलीचे काय, आणि त्या म्हातारीचे काय?

दुसरी गोष्ट अधिक बोचणारी. गावाने ठरविले की, बातमी त्या मुलीच्या मैत्रिणीने फोडली. त्या मैत्रिणीने कुणालाही अवाक्षर सांगितले नव्हते. आमच्या यंत्रणेने आमची नावे नीट झाकली होती. तिचे झाकण्याची सोय तीत नव्हती, कारण ती तिच्यात कुठे नव्हतीच. जिथे कुणाचेच नाव पुढे येत नाही तिथे गाव सर्वांत दुबळे नाव निवडते. हे कळल्यावर प्राचार्य स्वतः दोन्ही घरी जाऊन आले आणि म्हणाले, "फोन कॉलेजने केला. मी करायला लावला." एवढी दीड-दोन महिने घोटलेली माझी वाक्ये, पण सगळ्यांत चांगले कर्तरी वाक्य ते होते. तेव्हापासून अशा प्रकरणात असे सांगणे हा आमच्या लेखी पद्धतीचाच एक भाग झाला आहे.

मुलगी बारावी उत्तीर्ण झाली. गुणपत्रिका घ्यायला आली तेव्हा माझ्याशी बोलली नाही. तिने बोलायलाच हवे, असेही नाही. ते घर तिचे आहे.

६.

यंत्राविषयी माझ्या मनात आता भाबडेपणा नाही. रजिस्टरात जे आले नाही ते त्याला दिसत नाही. २००७ च्या त्या मुलीची हजेरी दिवाळीपर्यंत पूर्ण होती. आजची व्यवस्था तेव्हा असती तरी चार वाजताच्या तपासणीत तिचे नाव आले नसते. आले असते ते फक्त एका मार्गाने: मी तिच्या पत्रातले वाक्य 'काय पाहिले' ह्या रकान्यात जसेच्या तसे उतरविले असते तर. ते वाचणे यंत्राचे काम नव्हते. त्यासाठी मला पगार मिळत होता.

आम्ही वाचनाविषयी पुष्कळ बोलतो. ओळींमधले वाचावे, अनुक्त शोधावे, लेखकाच्या मौनाकडे लक्ष द्यावे, असे वर्गात सांगतो. छापील पुस्तकांबाबत ते करतोही. उत्तरपत्रिका मात्र आपण वाचत नाही, तपासतो. पन्नास पत्रांचा गठ्ठा, प्रत्येकी तीन मिनिटे, नमुना उत्तर शेजारी. ह्यात कुणाचा फारसा दोष आहे असे मी म्हणणार नाही. गठ्ठे खरेच मोठे असतात. पण सोळा वर्षांच्या मुलीला मोठ्या माणसापर्यंत पोहोचविता येईल असा कागद वर्षातून किती वेळा मिळतो? परीक्षेचा तो एक. तिने तो वापरला होता.

तिची मुलगी आता बारावीत आहे. अक्षर आईपेक्षा बरे आहे, शुद्धलेखन नाही. हजेरी उत्तम.

पत्रलेखनाचा प्रश्न मी अजूनही काढते आणि विचारलेले सोडून दुसरे लिहिले तर गुणही कापते, कारण बाकीच्यांवर अन्याय व्हायला नको. फक्त समासातला शब्द बदलला आहे. तिथे आता 'विषयांतर' लिहीत नाही, 'भेटावे' असे लिहिते. मुले भेटायला येतात. बहुतेक जण खाली पाहत सांगतात, "मॅडम, प्रश्न नीट वाचलाच नव्हता." ते ऐकून मला फार बरे वाटते.